रिठ्याचं पाणी

"वास घे," आई म्हणाली आणि तिनं ओला लंगोट माझ्या नाकाशी धरला.

मी घेतला. उकळलेल्या सुताचा वास होता, त्यात थोडा रिठ्याचा.

"साबण हाय?"

"न्हाई."

"पावडर?"

"आई, घरात पावडरच न्हाई. दहा वर्षं झाली, न्हाई. कुठनं येईल?"

"मग ह्यो फेस कशाचा?"

"रिठ्याचा. रिठ्याला फेस येतोच की."

"आजून एक पाणी काढ."

मी आणखी एक पाणी काढलं. कितवं ते मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. मागच्या दारी न्हाणीजवळच्या दगडावर मी बसले होते, नळ जायची वेळ झाली होती, आणि आई कमरेवर हात ठेवून माझ्या डोक्यावर उभी होती. आतल्या खोलीत माझी धाकटी बहीण उजू बाजेवर पडून होती आणि तिच्या कुशीत तिचा चार दिवसांचा मुलगा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती गडहिंग्लजहून आमच्याकडे इचलकरंजीला आली होती. जावई बारशाला येणार होते. घरात आम्ही बायकाच. आप्पा, म्हणजे माझे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली होती.

लंगोट धुण्याचं काम माझ्याकडे आलं ते आईच्या मनाविरुद्ध. तिची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती, पिळा तिला देता येत नव्हता. तरी पहिल्या दिवशी ती माझ्यादेखत म्हणाली, "बाई लावू. हिच्या हातनं नको."

उजू बाजेवरनं म्हणाली, "आक्काच धुईल."

"उजे, तुला कळत न्हाई."

"मग मी हितं ऱ्हात न्हाई. रिक्षा बोलवा, सासरी जाती."

ओली बाळंतीण रिक्षात बसून जाणार म्हटल्यावर आई गप्प झाली. पण तिनं अट घातली. दुकानातलं काही वापरायचं नाही, ना वडी, ना पावडर, ना सोडा. रिठे फोडायचे, बिया काढायच्या, उकळायचे, त्या पाण्यात धुवायचं. आणि प्रत्येक लंगोट दोरीवर जायच्या आधी ती हुंगून बघणार.

या अटीचा मला राग आला नाही. आला असता, तरी तो दाखवायला मला तोंड नव्हतं.

दहा वर्षांपूर्वी त्याच बाजेवर मी होते. माझाही मुलगाच. त्या वेळी निळी पावडर नवीनच आली होती, आणि मी सातव्या महिन्यात माहेरी येताना मोठ्या हौसेनं तिचा पुडा घेऊन आले होते. बाळाचे लंगोट पांढरेशुभ्र निघतील, आईच्या हाताला त्रास होणार नाही, असा माझा शहाणपणा. धुतले आईनंच, पण पुडा माझा. पोर पिवळं पडत गेलं. आईनं कोवळ्या उन्हात धरलं, वैदूची मुळी गळ्यात बांधली, काही झालं नाही. बारशाच्या आतच तो गेला. त्यामुळे त्याला नाव नाही. मी त्याची आठवण काढते तेव्हा त्याला हाक काय मारायची हे मला माहीत नसतं.

सासरची माणसं भेटायला आली तेव्हा सोप्यात बसून आईनं त्यांना सांगितलं, "हिनं आणलेली पावडर पोराच्या अंगात उतरली." माझ्या सासूबाईंना माझ्याविरुद्ध काहीतरी हवंच होतं. आईनं ते वाटीत घालून दिलं. मला न्यायला कुणी आलं नाही. वर्षभरानं नवऱ्यानं दुसरं लग्न केल्याचं एका पाहुण्याकडून कळलं.

तेव्हापासून मी माहेरी, शिवणाच्या मशीनवर. बाजारातल्या दोन दुकानांना झबली, टोपडी आणि लंगोट शिवून देते. हसायचं असेल तर हसा. झबल्याला माप घ्यावं लागत नाही आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही.

आईनं सांगितलेलं मी खरं मानलं होतं. इतकं खरं की साबण घ्यायला गेले की मी वडीचा कोपरा जिभेला लावून बघायची. जीभ चुरचुरली की ती वडी परत. दुकानदार मला म्हणायचा, "मंदाताई, साबण धुवायला न्हेताय का खायला?" माझ्या दोन साड्यांसाठी एवढी चिकित्सा कशाला, हे त्याला कळत नव्हतं. मलाही धड सांगता आलं नसतं.

तर उजूला मुलगा झाला तेव्हा मी मनाशी एकच ठरवलं होतं. हे पोर माझ्या हातून नीट बारशापर्यंत जायला हवं. ते पाळण्यात पडलं, त्याला नाव मिळालं, की माझ्या हाताला लागलेलं एकदाचं सुटलं.

म्हणून ते सगळे नियम मी आईपेक्षा कडक पाळत होते. बाळाचं कापड जमिनीवर ठेवायचं नाही. तिन्हीसांजेला दोरीवर राहू द्यायचं नाही. सुकलं की घडी घालून थेट बाजेखालच्या पेटीत. ही पत्र्याची पेटी आईची. नव्या जिवाला नवं कापड घालायचं नाही, जगल्यावाचल्या पोराचं जुनं घालायचं, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे पेटीत माझे लहानपणचे लंगोट होते, उजूचे होते, शिवाय आप्पांच्या धोतरांची दुपटी. गेलेल्या पोराच्या अंगावरचं मात्र पेटीत परत जात नसे, ते नदीला. आई दर दिवाळीला ती पेटी उपसायची, कपड्यांना ऊन द्यायची, नव्या डांबरगोळ्या टाकायची आणि कुलूप लावायची. दागिन्यांच्या डब्याला आमच्याकडे कुलूप नव्हतं, दागिनेच नव्हते. कुलूप त्या पेटीला.

"तुम्ही दोघी ह्या कापडात जगलायसा," ती म्हणायची. "ह्यात पुण्याई हाय."

आम्हा दोघींत दहा-अकरा वर्षांचं अंतर. मधे एक भाऊ झाला होता, असं मावशीनं एकदा सांगितलं होतं. आई त्याच्याबद्दल कधी बोलली नाही, आणि आईला विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी उजूनं मला हाक मारली. "आक्का, ह्याचं तोंड बघ गं."

मी बघितलं. हळदीचा हात फिरवावा तसं कपाळ आणि गाल. डोळे उघडत नव्हता. उजू म्हणाली, "पहाटेपासनं पीत न्हाई. तोंडात दिलं की झोपतोय."

आईनं येऊन बघितलं. तिचा चेहरा मी पाहत होते. क्षणभर तो उतरला, मग तिनं तो सावरला. "हुती कावीळ, समद्या पोरास्नी हुती. उन्हात धरते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कशानं धुतलंस काल?"

"तुझ्यासमोर धुतलं."

"मी आत गेल्यावर?"

 मी बाळाखालचा ओला लंगोट काढला आणि मागच्या दारी आले. उजेडात उलगडला, तर मधोमध डाग होता. लघवीचा पिवळा नव्हे. कोकमाच्या पाण्यासारखा.

मी तिथंच खाली बसले. हा डाग मी ओळखत होते. दहा वर्षांपूर्वी बाजेवर पडल्या पडल्या मी बाळाखालचं कापड काढून आईच्या हातात देत होते, त्या कापडांवर हाच रंग होता. तेव्हा आई म्हणाली होती, पावडरीचा रंग उतरलाय.

"आई," मी हाक मारली. "हे बघ. आता पावडर कुठाय?"

तिनं डाग बघितला. "रिठ्याचा हाय."

"रिठ्याचा?"

"जास्त उकळलेस रिठे. पाणी तपकिरी झालंवतं काल. कापडात ऱ्हायलं, आन् वरनं ओलं झाल्यावर उतरलं."

आणि खरं सांगायचं तर माझाही पाय घसरला. रिठ्याचं पाणी तपकिरी होतंच. दहा वर्षं ज्या बाईला आपण पोर मारलं असं वाटत आलंय, तिला कुणी आणखी एक आरोप दिला तर ती तो आधी घेते आणि मग तपासते. मला वाटलं, झालं, पुन्हा केलंस तू.

पण मी शिवणकाम करणारी बाई. कापडाचा रंग उतरतो का, हे मी दुकानात कुणाच्या शब्दावर मानत नाही. मी माझ्या शिवणातून कोऱ्या मलमलीचा एक तुकडा घेतला, नुसत्या पाण्यात उकळला, उन्हात धरला आणि बाळाखाली घातला. त्याला रिठा लागला नव्हता, वडी लागली नव्हती, काही लागलं नव्हतं. आई दारातून बघत होती. "नवं कापड घालू नगंस," एवढं ती म्हणाली, पण अडवायला पुढे आली नाही. मी बाजेशी बसून राहिले. उजू एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत होती.

तुकडा ओला झाला. मी काढला. तोच कोकमाचा रंग.

"हे कापडातनं येत न्हाई," मी म्हटलं. "हे पोरातनं येतंय. उजे, ऊठ. मिरजेला जायाचं."

आई दारात आडवी झाली. "मंदे, आज पाचवी हाय."

"असू दे."

"आज सटवाई पोराच्या कपाळावर लिवायला येणार. पाटा मांडलाय, वही मांडलीया. आन् आजच्या दिवशी पोर उंबऱ्याभाईर काढणार तू?"

"मिरजेला येऊन लिहू दे तिला."

"तुझं गेलं म्हणून हिचं बी…" ती थांबली. पुढचं बोलली नाही, पण ऐकू आलं.

मला वाटतं, आयुष्यात मी आईला धक्का दिला तो त्या एकदाच. फार जोरात नाही. खांद्यानं बाजूला केलं, एवढंच. शेजारच्या मुजावरांचा सुताचा टेम्पो दारात उभा होता. मुजावर काही न विचारता गाडीवर चढले, मागच्या बाचक्यांवर गोधडी टाकली, आणि आम्ही दोघी बहिणी बाळाला घेऊन निघालो. आई उंबऱ्यात उभी होती. टेम्पो वळला तरी ती हलली नव्हती.

मिरजेच्या दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं, वर निळे दिवे लावले, टाचेतून रक्त काढलं. संध्याकाळी सांगितलं की बाळाचं रक्त बदलायला लागेल. एका बाजूनं काढतात, एका बाजूनं भरतात. उजूनं अंगठा द्यावा तशी कागदावर सही केली. तिला वाचता येत होतं, पण तिनं वाचलं नाही. जावयांना फोन लागला, ते पहाटे पोचले आणि वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून उभे राहिले. मी बाकावर बसून होते. मी त्या वेळात देवाचं नाव घेतलं नाही. मी मनात फक्त लंगोट धुवत होते, पहिल्या दिवसापासून एकेक, आणि माझ्या हातून काय चुकलं ते शोधत होते.

सकाळी डॉक्टर हिरेमठ आल्या. चाळिशीच्या, चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. "बाळ टिकलंय," त्या म्हणाल्या. "आणखी दोन दिवस धोका आहे, पण टिकेल." उजू रडायला लागली. डॉक्टर वळणार, तेवढ्यात त्यांनी बाकावरचं दुपटं उचललं, आम्ही बाळाला ज्यात गुंडाळून आणलं होतं ते, आणि नाकाशी नेलं.

"ह्याला वास कसला येतोय?"

"कसला?" मी म्हटलं. मला खरोखर वास येत नव्हता. म्हणजे येत होता, पण तो वास वाटत नव्हता. आमच्या घरात बाळ म्हटलं की तोच वास.

"डांबरगोळीचा. कपडे कुठे ठेवता बाळाचे?"

"पेटीत. पण धुतलेले हायत, बाई. रिठ्यानं. दहा-दहा पाणी काढलंय मी."

"धुतल्यावर कुठे ठेवलेत?"

"त्याच पेटीत."

त्यांनी मग सावकाश सांगितलं. काही बाळांच्या रक्तात जन्मापासून एक गोष्ट कमी असते. ती आईकडून मुलाकडे येते, आणि बहुतेक मुलग्यांनाच तिचा त्रास होतो. मुलींना सहसा काही होत नाही. एरवी ते मूल चारचौघांसारखं वाढतं. पण काही औषधं त्याला चालत नाहीत, आणि डांबरगोळी चालत नाही. तो वास श्वासातून जातो, कातडीतून जातो, तेल लावलेल्या अंगात तर जास्तच, आणि रक्त फुटायला लागतं. लघवी लाल होते ती त्यानं. "तुम्ही धूत होता, आणि परत त्याच पेटीत ठेवत होता," त्या म्हणाल्या. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता.

"बाई," मी विचारलं, "साबणानं असं होतं का? पावडरीनं?"

"पावडर नीट निघाली नाही तर पुरळ येतं, कातडी सोलवटते. रक्त नाही फुटत."

"दहा वर्षांमागं माझा मुलगा गेला. त्याच पेटीतली कापडं होती. असाच डाग होता."

त्यांनी चष्मा काढला. "दहा वर्षांपूर्वीचं आता कसं सांगू मी? असू शकेल. नसेलही. तपासल्याशिवाय मी होय म्हणणार नाही."

त्या गेल्या. मी बाकावर बसले आणि मला रडू फुटलं. लोकांना वाटलं दुःखानं. दुःख होतंच, पण त्या क्षणी मला संताप आला होता. दहा वर्षं मी साबणाच्या वड्या चाटल्या. दहा वर्षं मी ओळखीच्या घरी बारशाला गेले नाही, दारातून झबलं देऊन परत आले. आणि ती दर दिवाळीला नव्या गोळ्या टाकत होती.

उजूनं माझा हात धरला. "आक्का, आईला ह्यातलं काय सांगू नगंस."

"का?"

"आता काय उपेग हाय? तिचं वय झालंय. बाळ वाचलं की. रक्ताचं काय तरी हुतं म्हणून सांग."

"आन् माझं?"

"आक्का, ती मरंल," ती म्हणाली.

दुपारच्या एसटीनं मी एकटी परत आले. नवं सुती कापड घ्यायचं होतं, ते उन्हात वाळवून न्यायचं होतं. पेटीतलं एकही कापड आणायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वाटेत मी दोन्ही वाक्यं तयार केली. एक उजूनं दिलेलं आणि एक माझं.

आई आतल्या खोलीत होती. सटवाईचा पाटा तसाच मांडलेला, कोरी वही आणि लेखणी तशीच. रिठ्याचं पातेलं तिनं घासून पालथं घातलं होतं. दोरीवरचे लंगोट काढून, मांडी घालून ती घड्या करत होती, आणि पेटी उघडी होती.

"हाय का?" तिनं विचारलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"हाय. रक्त बदललं. वाचलं."

तिनं डोळे मिटले, हात जोडले, कपाळाला लावले. मग पुन्हा घडी हातात घेतली. ती करता करता म्हणाली, "रिठाच ना? मी म्हटलंवतं जास्त उकळलेस."

आधी ती एवढं बोलली नसती, तर कदाचित मी उजूचं वाक्य वापरलं असतं. कोण जाणे. उजू मला अजून विचारते, आक्का, तेव्हा तुला गप बसता आलं नसतं का? मी तिला सांगते, नसतं आलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही आणि तसा आव मी कधी आणला नाही.

मी पेटीत हात घातला. कोपऱ्यातून गोळ्या काढल्या, काही विरून बोराच्या बीएवढ्या झालेल्या, काही नव्या. तिच्या मांडीवरच्या लंगोटांवर टाकल्या.

"रिठा न्हाई. पावडर न्हाई. हे." आणि मी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी जसं सांगितलं तसं, सावकाश, एक शब्द न गाळता. आईकडून येतं ते. मुलग्यांना होतं ते. धुऊन परत पेटीत ठेवण्याचं.

ती ऐकत राहिली. एक गोळी तिनं वाकड्या बोटांत उचलली आणि बघितली. मग तिनं विचारलं, "म्हंजे मंदे… तुझा बी?"

डॉक्टर म्हणाल्या होत्या, असू शकेल, नसेलही. हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते मी बोलले नाही.

"हो," मी म्हटलं. "माझा बी."

मला वाटलं होतं ती रडेल, छाती बडवेल, नाहीतर माझ्यावरच उलटेल. या सगळ्याची मी एसटीत तयारी केली होती. तिनं यातलं काही केलं नाही. ती बसल्या जागी मागे सरकली, भिंत लागेपर्यंत सरकली, आणि अगदी हळू, कुणी झोपलंय आणि जाग येऊ नये अशा आवाजात म्हणाली, "आन् माझा गजानन?"

मला कळायला वेळ लागला. मला नाव माहीत नव्हतं. त्याला नाव आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. बारशाआधी गेलेल्या पोराला तिनं मनातल्या मनात नाव ठेवलं होतं आणि तीसेक वर्षं एकटीनं हाक मारली होती.

"त्यो बी पिवळा पडलाता," ती म्हणाली. "त्याला तुझंच घातलंवतं. तू जगलीवतीस म्हणून. तुझी पुण्याई त्याला लागंल म्हणून. जपून ठेवलंवतं मी."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला माझ्याकडून उत्तर हवं होतं. 

ती भिंतीला धरून उठली. पेटी पालथी केली. माझं, उजूचं, आप्पांच्या धोतराचं, सगळं ओढत ती मागच्या दारी घेऊन गेली. पेटीच्या तळातल्या गोळ्या खोलीभर घरंगळल्या. मी त्या गोळा करून कागदात बांधत होते तेव्हा बाहेरून कापड आपटल्याचा आवाज यायला लागला.

मी दारात जाऊन उभी राहिले. ती दगडावर बसली होती. तिनं कशानं धुवायला घेतलं असेल? माझी, माझ्या साड्यांची पिवळी वडी. जी बाळाच्या कापडाला लावायची नाही म्हणून तिनं मला दहा वर्षं बजावलं होतं. त्या बोटांनी तिला पिळता येत नव्हतं, तरी ती पिळत होती. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत वाहत होतं. मला ओरडावंसं वाटलं, आई, ही आता लागणार नाहीत, टाकून द्यायची आहेत. 

मला बघून तिनं हातातला लंगोट वर धरला. जुना, धुऊन धुऊन जाळीसारखा झालेला. माझा असेल. गजाननच्या अंगाला लागला नाही म्हणून नदीला गेला नाही, मग उजूचा झाला, माझ्या पोराच्याही अंगाला लागला नाही.

"वास घे," ती म्हणाली. "गेला का बघ."

मी खाली वाकले आणि घेतला. वडीचा वास होता, आणि वडीच्या खाली तो दुसरा तसाच होता. आता मला तो येत होता.

"न्हाई गं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि लंगोट परत बादलीत घातला. मी पदर खोचला, तिच्या शेजारी बसले आणि तांब्यानं पाणी ओतायला लागले.